इरम्माच्या चटणीचा छाप

भूमच्या आठवडी बाजारात इरम्माची चटणी विकली जात असे आणि तिच्यावर कसलाही छाप नव्हता, ही बाब कित्येक वर्षं कोणाच्याही लक्षात आली नव्हती. निजाम सरकारचा अंमल होता, चटणी उखळात कुटली जात होती, पळसाच्या पानावर दिली जात होती, आणि टोपलं रिकामं झालं की इरम्मा घरी जात होती. नवरा गेल्यावर याच चटणीवर तिनं मुलगी वाढवली, उजवली. धंद्यातली ही गंभीर उणीव अखेर जावयानं उघडकीस आणली.

जावई शिवलिंग सोलापुरात दुकानात नोकरीला होता. तिथं त्यानं छापाचे डबे पाहिले होते.

"मामी, मालाला छाप पाहिजे. छाप न्हाय त्या मालाला अब्रू न्हाय."

"लोक बोटं चाटतेत की, जावईबापू."

"चाटतेत, पण काय चाटलं ते सांगता येत न्हाय त्यायला."

लेकीच्या संसाराकडं बघून इरम्मानं होकार दिला. शिवलिंगनं डबे आणले आणि रसूल पेंटरला सिंह काढायला सांगितलं. रसूलनं सिंह कधी पाहिला नव्हता. तरी त्यानं काढला आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

"बोक्याला मुकुट कशाला?" इरम्मानं विचारलं.

"मावशी, मुकुट हाय म्हणून तो सिंह हाय. काढला तर बोकाच ऱ्हाईल."

त्याच दिवशी शिवलिंगनं गावात दवंडी पिटवली: इरम्माची असली चटणी छाप पाहूनच घ्यावी, बिनछाप माल नकली समजावा.

दवंडी तहसील कचेरीतही ऐकू गेली. पेशकारसाहेबांनी डबा मागवला.

"ये ताज किसका है?"

ताज सरकारचा असेल, तर परवानगी न घेणं ही बेअदबी. दुसऱ्या कोणाचा असेल, तर बगावत. शिवलिंगनं मुकुट पुसून आणला. तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं, की सिंह कचेरीत उघड्या डोक्यानं आला आहे, आणि हीही बेअदबीच. रसूलनं त्याला लाल रूमी टोपी घातली. साहेबांनी स्वतःच्या रूमी टोपीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "हमारी नक़ल?" मग रसूलनं सिंहाला पांढरी गांधीटोपी घातली. साहेबांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "जेल जाना है क्या?"

आता टोपीचा प्रश्नच नको म्हणून रसूलनं सिंहाचं डोकंच पुसलं.

बिनडोक्याचा सिंह पाहून साहेब उभे राहिले. हा मामला आता फौजदारीकडं जात होता. एवढ्या लिखापढीचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी डब्यावर लाल शिक्का मारला आणि शिवलिंगला बाहेर काढलं.

कचेरीत हे चाललेलं असताना विक्री बंद पडून इरम्माच्या घरी चूल थंडावत होती. शेवटी न राहवून ती टोपलं घेऊन बाजारात बसली. तिचं जुनं गिऱ्हाईक, किराणा दुकानदार महांतप्पा आले. त्यांनी चटणी बोटावर घेतली, डोळे मिटून चाखली आणि मान हलवली.

"चव हुबेहूब हाय. पण नकली."

"अवो, म्याच इरम्मा!"

महांतप्पांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "तोंड बी हुबेहूब हाय."

इरम्मा भरलं टोपलं घेऊन परतली. उखळाशेजारी बसून ती मन मोकळं होईस्तोवर रडली.

शिवलिंग मात्र डबा उलटसुलट करून बघत होता. त्यानं उरलासुरला सिंह पुसायला लावला आणि लाल शिक्का तेवढा ठेवला. तसाच बाकीच्या डब्यांवर काढायला सांगितला. रसूलला उर्दू येत होती.

"अवो, यात 'नामंजूर' लिवलंय."

"सरकारी अक्षर हाय न्हवं? बास."

पुढच्या बाजारी टोपल्यातलीच चटणी डब्यात भरून आली आणि बघता बघता संपली. "सरकारनं तपासलेली हाय," असं दुसऱ्यांना सांगत महांतप्पांनी स्वतःसाठी दोन डबे उचलले.

पुढं अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. नवे साहेब आले. त्यांना कोणीतरी शिक्क्याचा अर्थ सांगितला आणि ते गहिवरले. जुलमी राजवटीनं नामंजूर केलेली, तरीही न झुकलेली चटणी! मांडव घातला गेला. भाषणं झाली. काल-परवापर्यंत रूमी टोपी घालणारे पेशकारसाहेब पांढरी टोपी घालून पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. एक हार इरम्माला घातला, त्याहून मोठा डब्याला.

इरम्मानं पदर सावरून नव्या साहेबांना विचारलं, "साहेब, चटणी कशी लागली?"

"डबा अजून उघडलेला नाही, बाई," साहेब आदरानं म्हणाले. "काचेच्या कपाटात ठेवलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही हसलात, ते ठीक आहे. पण मुकुट, टोप्या, शिक्का सगळं बारकाईनं पाहत इथवर आलात; ती बाई त्या चटणीत घालायची तरी काय, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?