बेडकाच्या पायाची गाठ

बापू मास्तरांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचं काहीही सांगायला घेतलं की गोष्ट बेडकापाशी येते आणि तिथे माझी जीभ अडखळते. आता त्यांना ओळखणारे फारसे उरले नाहीत. सांगून टाकतो.

महाडच्या ज्या शाळेत मी नोकरीला लागलो तिथे ते शास्त्र शिकवत. भेटलेल्या माणसाला नमस्कार करण्याआधी ते त्याचा हात धरत, अंगठ्याचं नख दाबत आणि सोडत. पांढरं पडलेलं नख पुन्हा लाल झालं की म्हणत, "पाट वाहतोय." बाजारातली वांगीवाली वैतागायची.

"अवो मास्तर, नख सोडा. गिऱ्हाईक उभं हाय."

"थांब गो, अजून लाल व्हायचंय."

केसाहून बारीक रक्तवाहिन्या हा त्यांचा जीव की प्राण. "नखाखाली रक्त वळणं घेत लगबगीनं जातं. यकृतात भाताच्या खाचरातल्या पाण्यासारखं रेंगाळतं. फुप्फुसात पातळ पसरून वारा खातं." लग्नाची बोलणी जेवणानंतर निघाली की हे मध्येच, "आता सगळं रक्त पोटाच्या आवारात. डोक्यात कुणी नाही. देण्याघेण्याचं उद्या बोला." वरपक्षाचे लोक जेवायला त्यांच्या शेजारी आपला पाट मांडू देत नसत.

एकदा शास्त्राचा तास ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला तपासनीस साहेब आले. मास्तरांनी स्वतःचं सूक्ष्मदर्शक मांडलं. बेडकाच्या बोटांमधल्या पडद्यातून रक्त धावताना दाखवायचं होतं. बेडूक फळीला बांधायचं काम माझ्याकडे. मी नवा शिक्षक.

"हलकं बांध हां," ते म्हणाले.

मी पोलादपूरच्या डोंगरातला. आमच्याकडे भाताच्या भाऱ्याची गाठ खळ्यावर पोचेपर्यंत सुटता कामा नये. त्यात बेडूक साहेबांच्या अंगावर उडेल ही धास्ती. दोरा तसाच आवळला गेला.

साहेबांनी भिंगाला डोळा लावला. "काहीच हलत नाही. पाट कोरडा दिसतोय, मास्तर." सगळे हसले. मीही हसलो.

साहेबांना पोचवायला मास्तर फाटकापर्यंत गेले. मी गाठ सोडली आणि सहज भिंगातून पाहिलं. थांबलेलं रक्त आधी चाचरलं, मग कणामागून कण धावू लागले. मी बेडूक शाळेमागच्या खाचरात सोडून दिला.

"बेडूक निवडण्यात मीच चुकलो," परत आल्यावर मास्तर म्हणाले. शास्त्राचा तास बंद झाला, त्यांना अंकगणित दिलं. सूक्ष्मदर्शक ट्रंकेत गेलं. नखं तेवढी राहिली.

पुढच्या श्रावणात माझी लेक यमू तापानं निपचित पडली. सावित्री नदीला पूर, डॉक्टर पलीकडे अडकलेले. मास्तर भिजत आले आणि तिचा अंगठा धरून बसले. मध्येच दाबत, बघत. दुपार कलल्यावर म्हणाले, "बघ रे, सोडलं की लगेच लाल होतंय. पाट वाहतोय." थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले आणि पेज मागितली. माझी बायको भिंतीला टेकून रडली.

मास्तरांनी यमूचा हात सोडला नव्हता.

"आमची ही गेली तेव्हा मी वर्गात होतो," ते म्हणाले. "तिचा हात धरायला कुणी नव्हतं. तेव्हापासून ही खोड लागली."

"मास्तर, तो बेडूक..." मी सुरुवात केली.

"कुठला बेडूक काढलास आता?" त्यांनी माझंच नख दाबलं. "तुझाही वाहतोय. जा, पेज आण."

मी पेज आणायला उठलो, आणि नंतर विषय काढायचं धैर्य झालं नाही. पुढे मास्तर वारले.

मास्तर, बेडूक चांगला होता. गाठ माझी होती. रक्त वाहू लागलेलं पाहिल्याबरोबर मी फाटकापर्यंत धावत यायला हवं होतं. मला क्षमा करा.