बसण्याआधी काय तपासावं

शिबिराहून परतल्यापासून विज्ञानाच्या सरांनी कुणालाही उत्तर देणं बंद केलं होतं. शिक्षकांचं ते शिबिर पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत झालं आणि तिथल्या तज्ज्ञांनी एकच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात भरवली: शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, उलट असा प्रश्न विचारायचा की समोरच्याला उत्तर आपणहून सापडेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, जेवले आणि विसरून गेले. आपले सर मात्र ते घरी घेऊन आले.

"अहो, गीझर का चालत नाहीये?" बायकोने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुमचं डोकं फिरलंय."

"छान! हा झाला अंदाज. आता पुरावा?"

"पुरावा टॉवेल गुंडाळून समोर उभा आहे," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. गीझरचं बटण बंद आहे हे सरांना दिसत होतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यांनी कुडकुडत गार पाण्याने अंघोळ केली.

घरात हे खपून गेलं. शाळेत मात्र मोठी गोष्ट पणाला लागली होती. ती मोठी शाळा आपली प्रयोगशाळा दर बुधवारी एखाद्या लहान शाळेला वापरू देणार होती, आणि त्याआधी तिचे मुख्याध्यापक पाहणीला यायचे होते. सरांच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. शिबिराच्या मधल्या सुट्टीत सर त्या मोठ्या प्रयोगशाळेत एकटेच शिरले होते आणि सूक्ष्मदर्शकांवरून नुसता हात फिरवून आले होते. तेव्हापासून त्यांचा जीव तिथेच अडकला होता. मुलांसाठी ती हवी होतीच, पण खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही हवी होती.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या मुख्याध्यापिकेचा, म्हणजे मोठ्या बाईंचा फोन आला. "सर, पाहुणे उद्या येणार की परवा?"

उद्याच येणार हे सरांना पक्कं माहीत होतं. "आपल्याला काय वाटतं, बाई?"

"परवा असेल."

"असं का वाटलं?"

"कारण उद्या मला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय."

चुकीच्या उत्तरावरही शिकणाऱ्याचा हिरमोड करायचा नाही, असा शिबिराचा नियम होता. "छान विचार केलात. आता पडताळून पाहा," सर म्हणाले. बाईंनी 'छान' एवढंच ऐकलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी सर वर्गात आले, तर शिपाई बाकांना ऑइलपेंट देत होता. "बाई म्हणाल्या, उद्या पाहुणे येणार, तर रंग देऊन टाक."

पाहुणे आजच येणार, हे सरांना माहीत होतं. तरीही त्यांनी शांतपणे विचारलं, "आज रंग दिला तर काय होईल?"

"वाळेल," शिपाई म्हणाला.

उत्तर बरोबर होतं, त्यामुळे सरांना पुढे काही बोलता येईना.

रंग अर्धवट वाळला असताना पाहुणे हजर झाले. फिकट रंगाची कडक इस्त्रीची पँट, हसरा चेहरा. मुलं जमिनीवर बसली होती. "मी मागे बसतो, तुमचं चालू द्या," म्हणत ते बाकाकडे निघाले. सर धावले. 'रंग ओला आहे' एवढे तीन शब्द बोलायचे होते, पण जिभेला आता वेगळंच वळण लागलं होतं.

"बसण्याआधी काय तपासायला हवं, असं आपल्याला वाटतं?"

पाहुणे खूश झाले. त्यांनी बाक गदागदा हलवून पाहिला. "एकदम मजबूत!" म्हणाले आणि बसले. नंतर उठायला गेले, तर बाकही बरोबर निघाला.

शिपाई टर्पेंटाइन आणायला पळाला. सरांनी घाम पुसला आणि सवयीने मुलांकडे वळून विचारलं, "यांना सोडवायचं कसं?"

मुलांना हेच हवं होतं. "सर, टर्पेंटाइन!" "साबणाचं पाणी!" "पँट काढा!" वाद वाढला, तेव्हा पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दोन्ही करून बघू. डाव्या बाजूला टर्पेंटाइन, उजव्या बाजूला साबण. म्हणजे तुलना होईल."

"अहो, पण निघेल ना?" पाहुण्यांनी विचारलं. "आपल्याला काय वाटतं?" सर म्हणाले.

शिपाई परतला आणि मुलांनी फटीतून दोन्ही बेताबेताने ओतलं. "डावीकडे गार वाटतंय," पाहुणे म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "आता झोंबतंय!"

"लिहून घ्या रे!" मुलगी ओरडली. तेवढ्यात पाहुणे डाव्या बाजूने सुटले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. उजवी बाजू सोडवायला मात्र टर्पेंटाइनच लागलं.

पाहुणे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सर मान खाली घालून समोर गेले. प्रयोगशाळा गेली, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती.

"तुमची मुलं गुणी आहेत," पाहुणे म्हणाले. "न घाबरता करून बघतात. दर बुधवारी पाठवा त्यांना. प्रयोगशाळा तुम्हालाच दिली."

सरांना गहिवरून आलं. "सर, कसे आभार मानू..."

"थांबा. एक अट आहे. आमच्याकडे आम्ल आहे, गॅस आहे, विजेची जोडणी आहे. तिथे मुलांना वेळेवर 'हात लावू नको' म्हणणारं माणूस लागतं." पाहुण्यांनी भिंतीला धरून पँट सावरली. "मुलं येतील. तुम्ही यायचं नाही."

सरांना मुलांसाठी आनंद झाला आणि स्वतःसाठी फार वाईट वाटलं. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी त्या आठवड्यातलं पहिलं सरळ उत्तर दिलं.

"चालेल."