भालचंद्र सरड्याची सनई

एका जंगलात, म्हणजे विमानतळाच्या कुंपणाला अगदी खेटून असलेल्या जंगलात, भालचंद्र नावाचा सरडा राहायचा. एक डोळा पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला फिरवता येतो ना, त्या घोयऱ्या जातीचा. त्याला विमानं बघायचा नाद होता. हसू नका रे. तुमच्या घरात कुणाला कसला नाद आहे, ते आधी बघा.

पूर्वी तो नुसता फांदीवर बसून बघायचा. मग त्याने कॅमेरा घेतला. मग लांबची लेन्स घेतली. पण वाट बघण्यात दिवस जायचा आणि माशा खायच्या राहायच्या. म्हणून तो संगणक शिकला आणि त्याने एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. विमान जवळ आलं की घंटा वाजायची आणि पडद्यावर त्याचं नाव उमटायचं.

हळूहळू सगळं जंगल त्या पडद्यावर विसंबू लागलं. डोक्यावरून घरघर गेली की अस्वल विचारायचं, "काय गेलं हो, भालचंद्रराव?" ते सांगतील ते विमान.

त्याची बायको कुमुदिनी मात्र कधी मान वर करायची नाही. "ढगांत काय एवढं ठेवलंय?" ती म्हणायची.

एके दिवशी बातमी आली. आठ इंजिनांचं, जगात एकुलतं एक असलेलं मालवाहू विमान उद्या सकाळी इथे उतरणार होतं. पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. भालचंद्र लहानपणापासून त्याच्यासाठी झुरत होता. आनंदाने कोणता रंग धरावा, हेच त्याला कळेना.

सकाळी तो फांदीवर जाऊन बसला. कॅमेरा तयार, आकाश स्वच्छ. आणि तेव्हा त्याला ती बुद्धी सुचली, जी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना नेमकी अशाच सकाळी सुचते. एवढ्या मोठ्या पाहुण्याला रोजचीच घंटा? छे! सनई वाजली पाहिजे.

"अहो, चालतंय ते चालू द्या ना," कुमुदिनी म्हणाली.

"अगं, एका ओळीचं काम आहे."

त्या एका ओळीने दुसरी ओळ बिघडली. दुसरी सुधारताना घंटाही बंद पडली. सनई नीट ऐकू यावी म्हणून भालचंद्राने हेडफोन लावले. सरड्यांना कान नसतात, हे मला ठाऊक आहे. दुकानदाराने त्याला सांगितलं नव्हतं. एरवी त्याचा एक डोळा आकाशाकडे असायचा, पण चूक शोधायला दोन्ही डोळे लागतात.

तेवढ्यात झाडं थरथरली. सगळं जंगल वर बघू लागलं. कुमुदिनीनेही मान वर केली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. एवढं अवजड धूड, आणि किती हळुवार खाली येत होतं! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नवऱ्याची शेपटी ओढली.

पडद्यावर मोठी सावली पडली.

"बाजूला हो गं, उजेड अडवू नकोस," भालचंद्र म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने हेडफोन काढले. "झाली सनई! आता येऊ दे त्याला."

अस्वल चाचरत म्हणालं, "अहो, ते मघाशीच..."

भालचंद्राने घाईघाईने पडदा बघितला. "इथे तर काहीच नाही. पडद्यावर नाही म्हणजे आलं नाही. हो ना?" तो राखेसारखा पांढरा पडला होता.

प्राण्यांनीही पडदा बघितला. खरंच, तिथे काही नव्हतं.

"तसं माझं नीट लक्ष नव्हतं," ससा म्हणाला.

"ढग असेल," अस्वल म्हणालं.

भालचंद्राने बायकोकडे बघितलं. कुमुदिनीला त्याची फार दया आली.

"नाही आलं हो," ती म्हणाली. "ढगच होता. मोठा."

भालचंद्राचा जीव भांड्यात पडला. "येईल, येईल," असं म्हणत तो पुन्हा सनईचा सूर नीट करायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून कुमुदिनी माशा आणायला म्हणून पलीकडच्या टेकडीवर जाऊ लागली. तिथे माशा फारशा नाहीत. उतरणारी विमानं मात्र छान दिसतात.

तात्पर्य : मुलांनो, आकाशातून काय गेलं, ते नेहमी पडद्यावर बघावं. चुकून वर बघितलंच, तर घरी सांगू नये.