कोंबडीचं सासर

शुक्रवार पेठंतला आमचा शेजारी सिद्रामतात्या जावयाला अरं-तुरं करायचा आन कोंबडीला अवो-जावो. "बसा, राणीसायब," म्हनून सकाळी तोंडात पानी घ्यायचा आन फुर्रकन तिच्या अंगावर फवारा. मग ऊन फडक्यानं तिचं पाय शेकायचा. माझं पाय जन्मात कुनी शेकलं न्हायत. म्या नुस्ता बघत बसायचा.

"असील हाय ही, झुंजीच्या जातीची!" तात्या सांगायचा. "मान बघ, काठीवानी. पाय बघ, पैलवानाचं. वर्साला ओंजळभर अंडी घालती, पन पिलावर घार येऊ दे, घारीलाच लोळवती!"

जावई एकदा जेवता जेवता बोलून गेला, "ओंजळभरच? मामा, हिचा रस्सा बरा हुईल की."

तात्यानं त्याला भरल्या ताटावरनं उठीवला. तवापासनं वैराग गावाला दिलेली लेक म्हायेरी आली न्हाय.

मग पेठंत कोंबड्यांची मर आली. तात्याची समदी गेली, राणीसायब तेवढ्या वाचल्या. जोडीला असील नर न्हाय. वंश बुडायची पाळी!

म्या लई उदार झालो. "माझा कोंबडा घ्या की."

"त्यो? उकिरड्याचा राजा!" तात्या म्हनला. तरी म्या सोडलाच. राणीसायबांनी एकच लाथ घातली. कोंबडा पळाला आन त्याच्याफुडं मी. दारातनं बायको वरडली, "दोघांत तुमीच चपळ!"

खरा असील एकच उरला हुता, तात्यानं लेकीला आंदण दिलेला. म्हंजे जावयाच्या दारात. तात्या रोज कोंबडी झाकलेली पाटी उचलायचा, रोज खाली ठेवायचा. शेवटाला म्हनला, "चल. बसायचं न्हाय, पानी प्यायचं न्हाय. काम झालं की कोंबडी घिऊन माघारी."

सर्विस मोटारीत पाटी माझ्या मांडीवर. वैराग येस्तोवर राणीसायबांनी धोतराची चाळण केली. उतरलो ते पाटी फुडं धरूनच.

दारात जावई. तवर लेक पिठाच्या हातानं भायेर आली. "आबा, किती वाळला वो!"

"कोंबडीच्या कामाला आलोय," तात्या म्हनला. आन बसला की! पानी प्याला, भाकरी खाल्ली. जावयानं पाटी उघडून राणीसायबास्नी अंगणात सोडलं. तितला असील मान ताठ करून आला, आन लाथ काय पडली न्हाय!

निघताना म्या कोंबडी धराया वाकलो.

"राहू दे तिला!" तात्या वरडला. "हितलं पानी मानवलंय. हितंच उबवंल अंडी. म्या दर बाजाराला येऊन बघून जाईन." मग लेकीकडं न बघताच हळू म्हनला, "चालंल न्हवं?"

लेकीनं पदर डोळ्याला लावला. "बाजाराच्या आदल्या दिशीच येत जावा, आबा."