आजीची निळी बादली

यास्नाचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले, ते २००२ साल. त्याच उन्हाळ्यात तिच्या आजीनं, स्तामेंकाबाईनं, जेवता जेवता चमचा खाली ठेवला. "त्र्याहत्तर वर्षं मोरावा नदीच बघतेय. मरायच्या आधी एकदा समुद्र दाखव रे."

मुलगा तिहोमिर लगेच कबूल झाला. ग्रीसमधल्या सिथोनिया द्वीपकल्पावर, पाण्याला लागून, दहा दिवसांसाठी खोली ठरली. मग आजीनं सगळा बेत हातात घेतला. घरमालकिणीचा पत्ता आणि स्वतःचा पासपोर्ट तिनं झग्याच्या आतल्या खिशात शिवून टाकला. "तुमचा काय भरवसा!"

भाजक्या मिरच्यांच्या बावीस बरण्या, डुकराची एक अख्खी तंगडी, पीठ, कॉफी, चार घरच्या उश्या. आदल्या दिवशी गाडीत सगळं भरून बघितलं, तर सून रुझित्साला पाय ठेवायला जागा उरेना.

"सासूबाई, ग्रीसमध्ये मिरच्या मिळत नाहीत का?"

"मिळत असतील. पण भाजतं कोण त्यांना?"

"आई, एक तर बरण्या, नाहीतर तू," तिहोमिर वैतागला.

"मग बरण्या जाऊ देत. मी राहते."

शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं. मागच्या सीटवर आजी आणि यास्ना यांच्यामध्ये उश्या-पांघरुणांची भिंत रचली आणि पहाटे पाचला सगळे गाडीत बसले. तेवढ्यात आजी ओरडली, "थांब! मागून पाणी कोण ओतणार?"

त्या घरातून निघालेल्या माणसामागं बादलीभर पाणी ओतल्याशिवाय प्रवास सुरू होत नसे. वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. आणि फाटकाबाहेर पडलेला माणूस मागं फिरत नसे, घराला आग लागली तरी.

"शेजारच्या देसांकाला हाक मारू?" तिहोमिरनं विचारलं.

"तिला? तिनं नवऱ्यामागं पाणी ओतलं, तो निश शहरात गेला तो तिथल्या एका बाईकडेच राहिला. सर बाजूला, मीच ओतते."

आजी निळी बादली घेऊन गाडीमागं गेली. तिहोमिरनं आरशात पाणी उडालेलं बघितलं. वीस वर्षं तो त्याच इशाऱ्यावर निघत आला होता. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप दाबला गेला.

वाटेत त्यानं दोनदा विचारलं, "आई, ठीक आहेस ना?"

उश्या काही बोलल्या नाहीत.

"बरण्यांवरून रुसल्यात," रुझित्सा कुजबुजली. यास्ना घोरत होती.

सीमेवर पोलिसानं तीन पासपोर्ट मोजले.

"चौथा आईकडं आहे," तिहोमिर म्हणाला. "आई, पासपोर्ट दे. आई! आता पुरे झालं हं रुसणं!"

पोलिसानं दार उघडलं. एक उशी उचलली, मग दुसरी. "साहेब, इथं फक्त उश्या आहेत."

तिहोमिरनं गाडी जागच्या जागी वळवली. समोरून म्हाताऱ्यांनी भरलेली एक बस येत होती आणि खिडकीतून कुणीतरी जोरजोरात बादली हलवत होतं. "बघ, लोक समुद्रावर काय काय नेतात!" एवढं म्हणून त्यानं घराकडं गाडी सोडली.

घराला कुलूप. कोंबड्यांचं खुराडं बघितलं, चर्च बघितलं, विहिरीत डोकावून झालं. रुझित्सा बरण्यांच्या खोक्यावर बसून रडायला लागली. दुपारी तीनला फोन वाजला.

"कुठं आहात रे तुम्ही? माझे पाय कधीचे पाण्यात आहेत."

"आई! तू तिथं कशी?"

"पाणी ओतायला फाटकाबाहेर आले होते ना? मग परत आत कशी जाणार? हायवेवर गेले, पेन्शनवाल्यांची बस आली, बादली आडवी धरली. सीमेवर तुला हाका मारून घसा बसला माझा. आणि तू मागं फिरलास, तिहो? हेच शिकवलं मी?"

तिहोमिरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असू दे. समुद्र चांगलाय. खारट आहे जरा, बादलीत घेऊन चाखला. उद्या या, आणि बरण्या आणा. इथं खरंच कुणी भाजत नाही. पाणी मात्र देसांकालाच ओतू दे. तू ओतशील तर स्वतःच मागं राहशील."

त्यानंतर आजी दर उन्हाळ्यात समुद्रावर गेली. पुढच्या सीटवर, मांडीवर बादली घेऊन.

स्तामेंकाबाई २०११ च्या ऑक्टोबरात, मिरच्या भाजून झाल्यावर, घरीच वारली. मागून पाणी तिहोमिरनं ओतलं.