चपलांपाशी बसणारे ओहोळकाका

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या नावाने भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, वेळ झाली की आमची मंडळी पुढे वेदीकडे जायची आणि ओहोळकाका मागे, दाराकडे जायचे. पायरीवर वर्तमानपत्राची घडी टाकून बसायचे आणि चपला राखायचे. आमच्याकडे चपला बाहेर काढून आत जायची पद्धत आहे. काका त्या जोडीने लावायचे. टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे, म्हणजे बाहेर येणाऱ्याने पाय घालावा आणि चालू लागावं. ते इथे आल्यापासून चर्चमधून एकही चप्पल चोरीला गेलेली नाही, हे ते नव्या माणसाला देवाच्या इतर उपकारांबरोबर सांगतात.

वसईत चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठमोठी कॅथलिक चर्च येतात. आमचं त्यातलं नव्हे. आम्ही अँग्लिकन वळणाचे, नगर-सोलापूरकडून नोकरीसाठी आलेले मूठभर लोक. चर्चला पत्र्याचं छप्पर आहे आणि घंटेऐवजी ओहोळकाका आहेत. शेजारणी मला "तुमची मिस्सा किती वाजता?" असं विचारतात आणि मी "साडेआठ" म्हणून मोकळी होते. मिस्सा आणि उपासना यांतला फरक जिन्यात उभं राहून समजावायला मला लाज वाटते. काकांना वाटत नाही. त्यांनी तो आमच्या वॉचमनलाही समजावला आहे.

काका वालीवच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण टाइमकीपिंग सुटलं नाही. रविवारी आठ वाजता ते आमच्या बिल्डिंगखाली स्कूटर लावतात आणि मी खिडकीत येईपर्यंत हॉर्न वाजवतात. सगळी सोसायटी मला उठवायला जागी होते. मी ओशाळून, केस ओलेच बांधून खाली येते. काका घड्याळाकडे बघत म्हणतात, "सभासद होणं सोपं आहे, ताई. सभासद असणं ही जबाबदारी आहे, बरं का."

ही जबाबदारी फार लांबरुंद होती. पंखे बंद करणं तिच्यात येई. गाणं तोंडातल्या तोंडात न म्हणणं येई. कोणी पुटपुटलं तर काका पूर्ण वळून बघत, आणि तो माणूस पुढचं कडवं सगळ्या वसईला ऐकवी. आजाऱ्याला भेटणं येई, तेही निर्मळची केळी घेऊन. कमिटीवर मात्र ते कधी गेले नाहीत. वार्षिक सभेत त्यांचं नाव सुचवलं की म्हणत, "मला पद नको, काम द्या," आणि मतदानाच्या वेळी चहा करायला निघून जात. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दर काही वर्षांनी बदलत. नव्या पाळकांना मंडळीची ओळख काकाच करून देत. एकदा आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात त्यांच्या नम्रतेचा दाखला दिला, तेव्हा काकांना जोराचा खोकला आला आणि ते बाहेर गेले.

आता माझी गोष्ट. माझा बाप्तिस्मा लहानपणी झाला, पण वडिलांच्या बदल्यांमध्ये दृढीकरण राहून गेलं. दृढीकरण म्हणजे बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं. त्यानंतरच माणूस पूर्ण सभासद होतो, प्रभुभोजन घेतो, सभेत मत देतो. तोवर मी त्या वेळी मुलांबरोबर जागेवरच बसायचे. पाळकसाहेबांनी मला संडे स्कूल शिकवायला विचारलं आणि मग लक्षात आलं, की बेचाळिसाव्या वर्षी मी मंडळीची अर्धीमुर्धीच आहे.

दृढीकरणाचा वर्ग अर्थातच ओहोळकाका घेत. त्यात मी आणि नववी-दहावीची मुलं. त्यातली एक मी शिकवते त्या शाळेतली, माझ्याच वर्गातली. सोमवारी मी तिला गणितावरून बोलायचे आणि शनिवारी ती मला दहा आज्ञा क्रमाने आठवेनात म्हणून हळूच सांगायची. काकांना ते ऐकू जायचं. "शिक्षिका आहात ना, ताई? मग कॉपी?" म्हणायचे. मुलं खाली बघून हसायची. मला जमिनीत जावंसं वाटायचं.

बिशपसाहेबांची तारीख ठरली. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याचं दृढीकरण व्हायचं त्याच्या मागे एक पूर्ण सभासद खांद्यावर हात ठेवून उभा राहतो, साक्षीदार म्हणून. मुलांच्या मागे आईबाप. माझे आईवडील राहिले नाहीत. मी वर्गात सगळ्यांसमोर काकांना म्हटलं, "माझे साक्षीदार तुम्हीच व्हा."

"नाही जमणार," काका म्हणाले आणि सतरंजी गुंडाळायला लागले. कारण नाही, काही नाही. मुलांसमोर माझं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तावातावाने त्यांच्या खोलीवर गेले. त्यांनी चहा टाकला. गॅसकडे तोंड करूनच म्हणाले, "साक्षीदार पूर्ण सभासद लागतो, ताई."

"मग तुम्ही कोण आहात?"

"मी नाही."

चहा उतू गेला. काकांनी तो पुसला, आणि मग पुसत पुसतच सांगितलं. त्यांच्या गावी बिशपसाहेब जीपने आले होते. त्या दिवसासाठी वडिलांनी त्यांना आयुष्यातल्या पहिल्या चपला घेतल्या होत्या. त्या दाराबाहेर. "मी रांगेत उभा, पण जीव चपलांत. पुढे दोघंच राहिले तेव्हा म्हटलं, पटकन बघून येतो. होत्या जागेवर. मग जरा पायात घातल्या. जरा चाललो. करकर वाजत होत्या, बरं का. आत आलो तर प्रार्थना संपलेली. पोरं जागेवर बसत होती, मीही बसलो."

"आणि कोणाला कळलं नाही?"

"तिकडे साक्षीदाराची पद्धत नव्हती. वडील मागे होते, गर्दीत. बुटका माणूस. त्यांना दिसलं नाही, पण बाहेर आल्यावर मला उराशी धरून रडले. घरात होतं नव्हतं तेवढं तूप घालून गावाला शिरा वाटला. त्या शिऱ्यापुढे मी काय बोलणार? ते होते तोवर त्यांच्यासाठी गप्प राहिलो. ते गेल्यावर स्वतःच्या लाजेसाठी. इथे आलो तेव्हा चर्च झाडायला माणूस हवा होता. हातात झाडू असला की कोणी काही विचारत नाही, ताई. पण प्रभुभोजन एकदाही घेतलं नाही. तेवढं खोटं नाही केलं."

पायरीवरची घडी, सभेतला चहा, तो खोकला, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. या सगळ्याला आम्ही हसत होतो किंवा त्याचं कौतुक करत होतो, आणि दोन्ही त्यांना सारखंच लागत असणार. मला फार लाज वाटली. "पाळकसाहेबांना सांगा," मी म्हटलं.

"या वयात? ज्यांचे कान धरून शिकवलं ती पोरं काय म्हणतील?"

"तुम्हीच म्हणता ना, जबाबदारी आहे म्हणून." बोलले आणि वाटलं, नको होतं बोलायला. काका कप विसळत राहिले. मी जाते म्हटलं तरी वळले नाहीत.

बिशपसाहेब येणार होते त्या रविवारी हॉर्न वाजला नाही. मी चर्चला पोचले तेव्हा काका पायरीवर होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चपलांकडे बघत. माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाशी नेहमीची केळीवाली मावशी टोपली घेऊन बसली होती.

रांगेत मी शेवटची, माझ्यामागे साक्षीदार म्हणून पाळकसाहेबांच्या पत्नी. मुलं एकेक करून पुढे गेली. मी गुडघे टेकले, डोक्यावर हात आला, प्रार्थना झाली. उठले तेव्हा पाळकसाहेब दाराकडे बघत होते. "अजून एक जण आहेत," ते बिशपसाहेबांना म्हणाले. म्हणजे काकांनी त्यांना सांगितलं होतं.

काका उंबऱ्यात उभे होते. आत येत नव्हते. सगळी मंडळी वळून बघायला लागली आणि कुजबुज सुरू झाली. काकांची मान छातीला टेकली. मागून मावशीचा आवाज आला, "जा तुमी, काका. चपला कोन नेतंय? मी बसलेय ना."

ते आले. वेदीपर्यंतचं अंतर त्यांनी खाली बघत कापलं. गुडघे टेकले आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, की त्यांच्या मागे कोणी नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी आता पूर्ण सभासद होते, नुकतीच झालेली. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बिशपसाहेबांनी हात उचलला तेवढ्यात काकांची मान दाराकडे वळली. "काका, पुढे बघा," मी म्हटलं. त्यांनी बघितलं.

दुपारी आमची बेल वाजली. दारात काका, हातात मोठा डबा. ते घरोघर फिरत होते, वॉचमनलाही देऊन आले होते. "शिरा," ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले. "वडिलांनी तेव्हा वाटला होता, तो. मी कधी केला नव्हता, गुठळ्या झाल्यात."

मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, कशाही. एक उलटी पडली. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, सरळ आत जाऊन बसले. मी वाकून ती जोडी नीट लावली, टाचा भिंतीकडे, आणि शिरा वाढायला वाट्या काढल्या.