ओट्याचं गाव

कर्जत स्टेशनात मद्रासकडे जाणारी गाडी थांबली, की आमचे शेजारी धर्मादादा भोईर खिडकीशी जाऊन अनोळखी माणसाला विचारत, "तुमच्या गावाला घराम्होरं ओटा हाय का?"

लोक बटाटेवडे घ्यायला धडपडत असत, आणि हा खाकी कपड्यातला उंच माणूस ओट्याची चौकशी करत असे. कुणी म्हणे, आहे. कुणी खिडकी लावून घेई. एकानं तर घर विकायचं नाही म्हणून बजावलं होतं. दादा शांतपणे पुढच्या खिडकीशी जात.

दादा बँकरवर ड्रायव्हर होते. हा बँकर पैशाअडक्याचा नव्हे. घाट चढताना गाडीला मागून रेटा देणारं इंजिन, त्याला आम्ही बँकर म्हणतो. ते कर्जतला जोडायचं, ठाकुरवाडीवरून लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलायची. मग गाडी पुढं मद्रासला आणि दादा मागं कर्जतला. सारी नोकरी यात गेली. "गुर्जी," ते मला म्हणत, "आख्खा मुलूख आमी घाटावर चढवला. पन आमाला दिसली ती निसती त्याची पाठ."

निवृत्तीआधी त्यांना नवराबायकोचा रामेश्वरपर्यंतचा पास काढायचा होता. वाटेत हवं तिथं उतरता येत होतं. दुसरा कुणी असता तर सोलापूर, मद्रास, मदुरा असं काही ठरवून मोकळा झाला असता. दादांचं तसं नाही. "मोठ्या गावात आपुन कोन? बारकं बगा, बारकं." हे त्यांचं पालुपद. वांगी घेताना तेच, मासळी घेताना तेच. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही मुलगी बघत होतो, तर तिथंही हा माणूस म्हणाला, "बारकं बगा." त्यांना काडीपैलवान मुलगी हवी, असा आमच्या सौभाग्यवतींचा गैरसमज झाला. त्यांना म्हणायचं होतं बारक्या गावची.

गाव पसंत पडायला त्यांच्या अटी होत्या. बाजार एकच हवा. तळं असलं तर उत्तम. ओटा मात्र हवाच. एकदा एका मद्रासी बाईला मराठीचा गंध नव्हता, तर दादांनी फलाटावर मांडी घालून, पान कुटत, ओटा करून दाखवला. बाई हसत सुटली. "तिण्णै, तिण्णै!" म्हणाली. त्या दिवसापासून दादा "तिण्णै हाय का?" असंही विचारू लागले.

मला खोड काढायची सवय. म्हटलं, "दादा, एवढा मद्रासपर्यंत कशाला जीव टाकता? आपलं कोंडाणं काय वाईट आहे? लेणी आहेत, ओढा आहे, ओटेही आहेत."

"कोंडाणं सासरात धरायचं, गुर्जी," ते म्हणाले. "तिथं ती भोईराची बायको. हिला माहेर पायजे."

 बाकीचं मला आमच्या घरातून कळलं. दादांच्या बायकोचे, तारावहिनींचे, आईबाप लहानपणीच गेले. मावशीनं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि तीही गेली. दिवाळीला आळीतल्या बायका माहेरी निघत, तेव्हा त्यांचे लाडू वळायला वहिनी, पोरांना वेण्या घालायला वहिनी, आणि सगळ्या गेल्यावर त्यांच्या तुळशींना पाणी घालायलाही वहिनीच. स्वतः कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. इतकी वर्षं शेजारी राहून माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"ओटा असला की त्यावर म्हातारी बसती," दादांनी मला समजावलं. "म्हातारी बसली की येनाऱ्याजानाऱ्या बाईला हाक मारती. येवढंच लागतं बगा."

मला वाटलं, माहेर काय असं वाटेत उतरून मिळतं? 

दोघं गेली. काही दिवसांनी दादा परत आले, ते एकटेच. हातात एक पिशवी, दाढी वाढलेली. आळीत धावपळ उडाली. आमच्या घरातून तर रडण्याची तयारी सुरू झाली.

"दादा, वहिनी कुठायत?"

"माहेरी हाय."

"अहो, पण रामेश्वर?"

"तिथवर कोन गेलं! रायचुराच्या पल्याड एका बारक्या गावात उतरलो. ओट्यावर म्हातारी व्हती. हिला हात धरून बसवलं, डोक्याला तेल लावलं. भाषा हिला कळना, तिला कळना, पन दोघी दिवसभर बोलतात. म्हातारी सोडीच ना."

"मग तुम्ही का नाही राहिलात?"

"जावयानं सासरी जास्ती ऱ्हाऊ नाय," दादा गंभीरपणे म्हणाले, आणि चुलीवर भात करपवायला निघून गेले. पुढं जेवायला आमच्याकडेच येत. जेवता जेवता दाराकडं बघत. चुकल्या चुकल्यासारखं होतंय, असं एकदा स्वतःच म्हणाले.

मग म्हातारीचा मुलगा वहिनींना पोचवायला आला. दोन शब्द हिंदी बोलला, दादांना वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या गाडीनं परतला. वहिनींच्या अंगावर नवं लुगडं होतं.

त्या दिवशी जेवण आमच्याकडेच होतं. दोघी चुलीपाशी होत्या. आमच्या हिनं आमटीत टाकायला आमसुलं काढली, तर वहिनींनी तिचा हात धरला.

"आमच्याकडं आमसूल नाय घालत गं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं चिंच घालतात."

आमची ही हातातली आमसुलं तशीच धरून उभी राहिली. 'आमच्याकडं' हा शब्द वहिनींच्या तोंडून आळीत कुणीच ऐकला नव्हता. 

दादा पाटावर बसले होते. चिंचेनं त्यांचे सांधे धरतात, हे साऱ्या आळीला ठाऊक. त्यांनी आमटीची वाटी संपवली आणि मुकाट्यानं पुन्हा पुढं केली.